सोड आणि सोडा

"त्याला सांग, पाय आडवा टाकायचा. सरळ टाकला की टाच घसरते आणि माणूस थेट पन्हळीत येतो."

हे यांनी मला सांगितलं. ज्याला सांगायचं, तो आमचा निरंजन, यांच्यापासून तीन हातांवर उभा राहून कमरेचा पट्टा आवळत होता.

"आई, त्यांना सांग, मी रबरी तळाचे बूट आणलेत. माझी टाच घसरत नाही."

मी दोघांकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

निरंजनचे हात पट्ट्यावरच थांबले. "अरे देवा. आज सोमवार."

"सोमवार कसा? सुट्टी आहे ना आज?" हे म्हणाले.

"आई, त्यांना सांग, इकडे सुट्टी सोमवारचीच असते."

सोमवारी दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. रोजचं तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, जपाची माळ आणि सोमवारचं मौन, एवढं माझं लग्नानंतर लवकरच ठरलं आणि अमेरिकेत आल्यावरही ते चालू राहिलं. इतर वारी मी बोलते. तेही हळूच. हे म्हणायचे, तू बोलतेयस की श्वास घेतेयस हे कळायला जवळ यावं लागतं.

त्या दिवशी माझी पंचाईत अशी होती, की दोन वर्षं या दोघांमधलं सगळं बोलणं माझ्या तोंडून चाललं होतं.

अबोला निरंजनने धरला होता. पहिली सात वर्षं तो तासगावला माझ्या सासूबाईंकडे वाढला. आमचं इथलं बस्तान बसेपर्यंत आम्ही त्याला त्यांच्याकडे ठेवलं होतं. त्या आजारी पडल्या तेव्हा मी सेवेला गेले आणि हे नॉर्थ कॅरोलायनाला घरीच राहिले. फेब्रुवारीत सासूबाई गेल्या. मी यांना फोन केला आणि निरूलाही सांगा म्हटलं. निरू तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात होता, औषधशास्त्राची शेवटची परीक्षा होती. यांनी त्याला सांगितलं नाही. परीक्षा झाली, दिवसकार्य झालं, मग सांगितलं. निरंजनने सगळं ऐकून घेतलं. आपल्या खोलीतल्या वस्तू खोक्यांत भरल्या आणि पाऊण तासाच्या रस्त्यावर दुसऱ्या गावात जाऊन राहिला. मला फोन करायचा. घरी यायचा तो हे कामावर असतील त्या वेळेला.

दोन वर्षांनी आमच्या छपरावर काळे ओघळ उतरले. इकडच्या छपरांना कौलं नसतात. डांबराच्या खडबडीत पट्ट्या असतात, वर बारीक खडीचा थर. शिंगल्स म्हणतात त्यांना. दमट हवेत त्यांच्यावर एक शेवाळ धरतं, हिरवं नाही, काळं, शाई सांडल्यासारखं. कॉलनीच्या समितीतल्या बाईंनी दोनदा दारात येऊन गोड हसून सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत छप्पर स्वच्छ दिसलं नाही तर समिती आपली माणसं पाठवेल. त्या माणसांनी शेजारच्या डग्लसच्या छपरावर जोराच्या पाण्याचं यंत्र चालवलं होतं. डाग गेले, आणि छपरावरची खडीही निघून पन्हळीतून खाली आली. पुढच्या पावसात त्याच्या जेवणाच्या टेबलावर पाणी ठिबकलं.

"माझ्या घरावर परका माणूस चढणार नाही," हे म्हणाले. "मी चढतो. बागेत फवारणी करण्यात माझा जन्म गेलाय."

यांच्या तासगावच्या घरी द्राक्षबाग होती हे खरं. पण यांच्या हृदयाच्या नळीत दोन जाळ्या बसवून वर्षही झालं नव्हतं. मी निरंजनला फोन केला. एवढंच म्हटलं, "बाबा छपरावर चढतो म्हणतायत."

तिकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "सोमवारी सुट्टी आहे. मी येतो. त्यांना म्हणावं शिडीला हात लावू नका."

तो आला तो सगळं सामान घेऊन. कमरेचा आणि खांद्यांचा पट्टा, दोर, हातमोजे, चष्मा, ब्लीचचे कॅन, आणि पाठीवर घ्यायचा हातपंप. पंप पाहून यांचा चेहरा एकदम बदलला. जवळ जाऊन दांडा खालीवर करून पाहिला.

"नोजल बारीक आहे," हे मला म्हणाले. "त्याला सांग, मोठं लाव. झारीसारखं पडायला हवं, धुकं नको. धुकं वाऱ्यावर जातं."

"आई, त्यांना सांग, मोठं नोजल खिशात आहे."

मी एकदा याच्याकडे मान हलवली, एकदा त्यांच्याकडे. नंदीबैल झाला होता माझा.

मिश्रणावरून तसंच. निरंजनने मापाच्या भांड्याने ब्लीच ओतलं, तेवढंच पाणी घातलं, थोडा साबण घातला. हे बाजूला उभे होते. "औषध कमी पडतंय," म्हणाले.

"आई, हे औषध नाही. ब्लीच आहे. जास्त झालं तर खालची झाडं मरतील आणि माझी कातडीही जाईल."

"त्याला सांग, बागेत आम्ही डोळ्याने मापायचो."

"त्यांना सांग, म्हणूनच त्यांच्या काकांचे डोळे गेले."

काकांचे डोळे मोतीबिंदूने गेले होते, पण ते सांगणार कोण? आणि आश्चर्य म्हणजे हे हसले. तोंड फिरवून हसले, पण मला दिसलं.

माझ्याकडे दोन कामं होती. एक झाडांचं. ब्लीचचा ओघळ खाली पडला तर पानं करपतात, म्हणून आधी सगळी झाडं मुळापासून शेंड्यापर्यंत चिंब भिजवायची, मधून मधून भिजवत राहायची आणि शेवटी पुन्हा धुवायची. तुळशीची कुंडी मी सकाळीच गॅरेजमध्ये नेऊन ठेवली होती. दुसरं काम नळाचं. वर नेलेल्या पाइपचं तोंड सारखं गळायचं, त्यामुळे पाणी लागेल तेव्हाच मी खालून नळ सोडायचा आणि पुरे म्हटलं की बंद करायचा.

दोर यांच्याकडे होता. डाग घराच्या पुढच्या उतारावर होते. निरंजनच्या पट्ट्यापासून निघालेला दोर आढ्यावरून पलीकडे गेला होता आणि मागच्या अंगणातल्या ओकच्या खोडाला दोन वेढे देऊन त्याचं टोक यांच्या हातात होतं. निरंजनला खाली सरकायचं असलं की यांनी वेढा सैल करायचा, काम करताना ताणून धरायचा. मी पुढे, हे मागे, मध्ये छप्पर. हे त्याला पाहू शकत नव्हते. हाकेवरच सगळं चालणार होतं, आणि नेहमी हाक पोचवणारी बाई मुकी होती.

हे शिडीकडे पाहून बोलले. "वर जाणाऱ्याने पाणी हवं असेल तर 'सोड' म्हणावं. दोर हवा असेल तर 'सोडा' म्हणावं."

निरंजनही शिडीलाच म्हणाला, "चालेल."

दोघांना ते अगदी पटलं. मी आई, मला तो अगं-तुगं करतो. बाबांना अहो-जाहो, ते वळण सासूबाईंनी लावलेलं. सोड म्हणजे आई, पाणी. सोडा म्हणजे बाबा, दोर. कुणी कुणाला हाक मारायची गरज उरली नाही.

आभाळ भरलेलं होतं, वारा नव्हता. ऊन असलं तर मिश्रण लगेच वाळतं आणि काम करत नाही, म्हणून निरंजनला असाच दिवस हवा होता. तो वर गेला. पाय आडवा टाकतच गेला.

सुरुवातीला सगळं नीट चाललं. आढ्याजवळ बसून त्याने फवारायला घेतलं. "सोडा," म्हणाला की पलीकडून दोर हातभर यायचा. तो सरकायचा, पुन्हा फवारायचा. काळ्यावर फेस धरायचा. मी झाडांवर पाणी मारत होते आणि मनात जप चालू होता. उतार अर्धा झाल्यावर तो पुन्हा वर चढला. पलीकडे यांनी न सांगता दोर ओढून घेतला. आता धुवायची वेळ झाली होती. मिश्रण पंधरा-वीस मिनिटं राहू द्यायचं, मग साध्या धारेने वरून खाली धुवायचं, घासायचं नाही, असं त्याने मला आल्या आल्या समजावलं होतं.

तो आढ्याच्या खाली पाठीचा सगळा भार दोरावर टाकून रेलला, पाइप हातात घेतला आणि म्हणाला,

"सोड!"

मी नळ सोडला.

पलीकडे यांनी दोर सोडला.

हातभर नाही. त्याने पहिल्यांदाच एवढ्या जोरात म्हटलं होतं, त्यामुळे यांना वाटलं त्याला बराच दोर हवाय. यांनी अख्खा वेढा काढला. निरंजन बसल्या जागेवरून निघाला. साबणाने बुळबुळीत झालेल्या उतारावर रबरी तळाचं काही चाललं नाही. पाइप हातातून सुटून नागासारखा फिरत होता. खाली गाड्या लावायची सिमेंटची जागा होती.

माझं तोंड उघडलं होतं. आवाज त्याचा आला.

"बाबा! धरा! बाबा!"

दोर छपराच्या आढ्यावर खाडकन वाजला. निरंजन थांबला. एक पाय पन्हळीबाहेर लोंबत होता आणि पन्हळ वाकली होती.

"धरलंय!" पलीकडून आवाज आला. "निरू, धरलंय मी! हलू नकोस!"

मी नळ बंद केला. शिडी उचलून त्याच्या पायाखाली नेली. त्याने पायाने चाचपून पायरी शोधली.

"बाबा, शिडी मिळाली. थोडा दोर सोडा. हळू."

"सोडतोय. सांगत राहा."

"सोडा. अजून. अजून. बास."

तो जमिनीवर आला आणि खालीच बसला. हे घराला वळसा घालून आले. धावू नका असं डॉक्टरांनी सांगितलेला माणूस. दोन्ही तळहात दोराने सोलले होते. त्यांनी काही न विचारता झाडांचा पाइप उचलला, माझ्याकडे पाहिलं, मी नळ सोडला. निरंजनच्या पाठीवर, दंडांवर, मानेवर ते पाणी घालू लागले. तो सगळा मिश्रणाने माखला होता.

"डोळ्यांत गेलं?"

"नाही. चष्मा होता."

"चोळू नकोस. हात वर कर. काखेत राहतं ते."

"मला माहितीये, बाबा. मीच सांगितलं होतं सकाळी."

"मला कुठे सांगितलंस? आईला सांगितलंस."

निरंजनने हात वर केले. यांनी त्याचा शर्ट मागून वर करून पाठ धुतली, लहान मुलाची धुतात तशी.

"तुम्ही दोर का सोडलात?"

"तू सोडा म्हणालास."

"मी सोड म्हणालो. आईला."

"मला सोडा ऐकू आलं. एवढ्या लांबून शेवटचा आ कसा कळणार?"

"मग विचारायचं ना, कोण सोडा म्हणून!"

"कुणाला विचारू? तू आधी 'बाबा' म्हणाला असतास तर कळलं असतं."

पाणी चालू होतं. तो खाली पाहत होता. मग त्याने विचारलं, आणि मला वाटतं तो दोन वर्षं तेच विचारणार होता.

"आजीला अग्नी देताना तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की मला कळवावं?"

यांनी पाइप बाजूला धरला. पाणी सिमेंटवरून वाहत गेलं.

"अग्नी मी नाही दिला. विलासने दिला."

विलास यांचा चुलतभाऊ. निरंजनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला वाटलं होतं, एवढं तरी त्याला ठाऊक असेल.

"तुम्ही गेला होतात ना?"

"निघालो होतो. बर्फ पडत होता. विमानं बंद. विमानतळावर बसून राहिलो. तिकडून विलासचा फोन यायचा, थांबू का अजून? तिसऱ्यांदा मी म्हटलं, थांबू नकोस. मी पोचलो तेव्हा राख गार झाली होती."

निरंजनने डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"तुला सांगितलं असतं तर तूही निघाला असतास. परीक्षा गेली असती, आणि तूही तिथे माझ्या शेजारी बसून राहिला असतास. म्हटलं, एकाने बसलेलं पुरे."

"ते मी ठरवायचं होतं."

यांनी पाइप खाली ठेवला. "हो," म्हणाले.

"तुमच्या शेजारी बसलो असतो."

"हो."

मी नळ बंद केला. दोघांपैकी कुणीही माझ्याकडे पाहून 'त्याला सांग' किंवा 'त्यांना सांग' म्हटलं नाही. मला काही सांगायचंही नव्हतं. सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांतलं जे होतं, ते मी त्याला आधीच सगळं सांगितलं होतं.

"यापुढे," हे म्हणाले, "घरात कुणालाही काहीही झालं, मला झालं, हिला झालं, तरी पहिल्यांदा तुला. फोनवर नाही, समोर येऊन. हिच्याही आधी."

"आईच्या आधी कशाला?"

"मी म्हटलं ना."

"बरं."

निरंजन उठला. कोपर खरचटलं होतं, बाकी धड होता. हे छपराकडे पाहत होते.

"आता धुवायला हवं. वाळलं तर पांढरे डाग राहतील."

"मी जातो वर."

"तू बस. मी..."

"बाबा, शिडीला हात लावलात तर मी पुन्हा बोलणं बंद करीन."

यांनी शिडीवरचा हात काढला. यांच्या तळहातांवर मी हळद-तूप लावून फडकी बांधली आणि हे पुन्हा ओकच्या झाडाकडे गेले. पुढचा तासभर सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात चाललं होतं: "आई, पाणी सोड!" "बाबा, दोर सोडा! दोर!" "किती?" "वीतभर!" डग्लस कुंपणाशी येऊन उभा राहिला. त्याला एक शब्द कळत नव्हता. काय झालं म्हणून त्याने मला विचारलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

बारा वाजून गेल्यावर मी देवाजवळ दिवा लावला आणि आत पानं वाढली. मला संध्याकाळपर्यंत उपास होता. दोघं जेवत होते. काळे ओघळ फिकट तपकिरी झाले होते, पूर्ण गेले नव्हते.

"राहिलंच की अजून," हे म्हणाले.

"मेलंय ते. चिकटून आहे नुसतं. चार पाऊस पडले की जाईल. घासायचं नाही."

"आणि पुन्हा आलं तर?"

"आढ्याला तांब्याची पट्टी ठोकतात. पावसाबरोबर थोडं थोडं तांबं खाली उतरतं, मग धरत नाही शेवाळ."

"मोरचूद!" यांनी घास हातातच ठेवला. "बागेत आम्ही दुसरं काय मारायचो? मोरचूद म्हणजे तांबंच. सकाळपासून तेच सांगतोय, ब्लीच कशाला पाहिजे?"

"सकाळपासून तुम्ही मला काहीच सांगत नव्हतात."

"वाढ गं त्याला आमटी," हे मला म्हणाले.

"तो घेईल," मी म्हटलं. त्या दिवशीचं ते माझं पहिलं वाक्य.

निरंजन मग दर पंधरवड्याला येऊ लागला. वाकलेली पन्हळ दोघांनी मिळून बदलली. तांब्याची पट्टीही बसवली, तिच्यावरून पुष्कळ भांडले. त्याचं लग्न झालं. तो राहतो तिथेच, पाऊण तासावर.

यांना मागच्या वर्षी गिळताना अडकल्यासारखं व्हायला लागलं. बऱ्याच तपासण्या झाल्या. मी विचारायचे, हे म्हणायचे, कळलं की कळेल.

गुरुवार होता. मी पोथी वाचत होते. फोन यांनी घेतला. "हो," म्हणाले. "हो. समजलं. नाही, मी एकटाच आहे खोलीत. सांगा." मग खूप वेळ नुसतं ऐकलं. फोन ठेवल्यावर आत जाऊन शर्ट बदलला.

मी अध्याय पुरा केला आणि पोथी मिटली. "कुणाचा फोन होता?"

"डॉक्टरांचा."

"काय म्हणाले?"

हे खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. नाड्या बांधून झाल्या तरी लगेच उठले नाहीत.

"निरूकडे जाऊन येतो," म्हणाले. "मग तुला सांगतो."

मी नमस्कार करून उठले. यांना प्यायला पाणी दिलं. हळूहळू, दोनदा थांबून, यांनी ते संपवलं आणि भांडं माझ्या हातात दिलं.

गॅरेजचं दार वर गेल्याचा आवाज आला. मी खिडकीशी गेले. गाडी मागे घेताना यांनी घराकडे पाहिलं नाही. रस्ता मोकळा आहे का तेवढं दोन्हीकडे पाहिलं, आणि निघाले.